पट्टी लावण्याची वेळ आणि पट्टी काढण्याची वेळ

ज्या घरांत साठी-सत्तरी उलटलेलें एखादें माणूस हृच्छूलानें, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘अंजायना’ म्हणतात त्या विकारानें आजारी असतें, त्या घरांत हल्लीं औषधाच्या डब्यांत गोळ्यांशेजारीं चपट्या पुड्यांची एक पेटी दिसते. पुडी फाडली कीं आंतून रुपयाच्या नाण्याहून मोठी, पातळ, चिकट पट्टी निघते. ती छातीवर किंवा दंडावर चिकटवावयाची. तिच्यांतील नायट्रोग्लिसरीन कातडींतून झिरपत रक्तांत उतरतें व हृदयाचा भार हलका करतें. गिळावयास कांहीं नाहीं, टोंचून घ्यावयास कांहीं नाहीं, कडू चव नाहीं. औषध इतकें सोज्वळ दिसतें कीं तें औषध आहे याचाच घरच्या मंडळींना विसर पडतो. आमच्या मतें या पट्टीचा मोठा धोका याच सोज्वळपणांत आहे.

सेवेला तत्पर अशा घरांत हा धोका कमी असेल असें वाटतें, पण अनुभव उलट आहे. निष्काळजी घरांत पट्टी लावावयाची राहते. काळजीवाहू घरांत ती काढावयाची राहते. सकाळीं स्नान झाल्यावर आजी आठवणीनें जुनी पट्टी काढतात आणि लगेच नवी लावतात. मध्यें घटकेचाही खंड पडूं देत नाहींत. रात्रीं छातीवर पट्टी नसणें म्हणजे दाराला कडी न लावतां निजणें, अशी त्यांची समजूत. शिवाय पेटीवर ‘२४ तास’ हे शब्द स्वच्छ छापलेले असतात. मग त्यांचें चुकलें कोठें? औषधाच्या मात्रेंत गणित मिलिग्रॅमचें असतें तसें तें तासांचेंही असतें, आणि या औषधापुरतें तरी तासांचें गणित अधिक महत्त्वाचें आहे, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें. तेंच या महिन्यांत सविस्तर सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दुखण्याविषयीं थोडें. हृदय हें रक्त उपसणारें स्नायूंचें यंत्र. त्यालाही स्वतःच्या पोटापुरतें रक्त लागतें, व तें त्याच्याच पृष्ठभागावरून जाणाऱ्या रोहिण्यांतून मिळतें. या रोहिण्या आंतल्या थरांमुळें अरुंद झाल्या तरी बसल्या जागीं बहुधा कांहीं जाणवत नाहीं. जिना चढतांना, भरल्या पोटीं चालतांना किंवा रागाच्या भरांत हृदयाचें काम वाढलें कीं रक्ताची तूट भासते व छातीच्या मध्यभागीं दडपण येतें. थांबलें कीं थोड्या मिनिटांत तें ओसरतें. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनीं १७६८ मध्यें तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेपुढें या विकाराचें वर्णन वाचलें, व १७७२ मध्यें तें छापून प्रसिद्ध झालें. चालतांना येणारी आणि उभें राहतांच नाहींशी होणारी वेदना हें त्यांनीं टिपलेलें लक्षण आजचे डॉक्टरही पहिल्याच प्रश्नांत विचारतात.

यावरील उपाय आला तो स्फोटक द्रव्याच्या पोटांतून. १८४७ मध्यें इटलींतील ट्यूरिन शहरीं अस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञानें नायट्रोग्लिसरीन प्रथम तयार केलें. त्याचा अंश जिभेला लागतांच डोकें भयंकर ठणकूं लागतें असें त्याला आढळलें. पुढें आल्फ्रेड नोबेल यानें हेंच द्रव्य सच्छिद्र मातींत जिरवून डायनामाइट बनविलें आणि १८६७ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं एडिंबरोचे तरुण डॉक्टर लॉडर ब्रंटन यांनीं अमिल नायट्राइट नांवाचें दुसरें एक द्रव्य हुंगावयास देऊन हृच्छूल शमवितां येतो असें दाखविलें. आणि १८७९ मध्यें लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनीं नायट्रोग्लिसरिनाचा सौम्य द्राव प्रथम स्वतःवर व मग रुग्णांवर वापरून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. खुद्द नोबेलला १८९६ सालीं, आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, डॉक्टरांनीं हेंच औषध सांगितलें. या योगायोगाची त्यालाही मौज वाटली होती. रुग्ण घाबरूं नयेत म्हणून औषधाचें नांवही बदलून ‘ट्रायनायट्रिन’ करण्यांत आलें. छातीला सुरुंग बांधून फिरतों अशी थट्टा कोणी आजोबा करीत असतील तर त्यांना निश्चिंत करावें. इतक्या अल्प प्रमाणांत पट्टींत जिरविलेल्या द्रव्याचा स्फोट होत नाहीं.

पण मात्रेसंबंधींचा खरा धडा मिळाला तो डायनामाइटच्या कारखान्यांत. तेथील कामगार सोमवारीं कामावर रुजू झाले कीं त्यांचें डोकें फुटावयास येई, चेहरा लाल होई, उभें राहिलें कीं चक्कर येई. हें द्रव्य हाताच्या कातडींतून व श्वासावाटे त्यांच्या अंगांत जात असे. एक-दोन दिवस गेले म्हणजे तोच कामगार तेंच काम करी आणि त्याला कांहीं होत नसे. शरीर सरावलेलें असे. मग रविवारची सुटी येई, सराव मोडे, आणि पुढल्या सोमवारीं पुन्हां पहिले पाढे पंचावन्न! ‘सोमवारचा रोग’ असेंच त्याला नांव पडलें होतें. कांहीं हुशार कामगार सुटीच्या दिवशीं टोपीच्या आंतल्या पट्ट्यांत त्या द्रव्याचा थोडा अंश घालून फिरत, कीं सराव टिकून राहावा व सोमवारची डोकेदुखी टळावी. त्या टोपींत आणि २४ तास छातीवर ठेवलेल्या पट्टींत तत्त्वतः कांहीं फरक नाहीं. कामगाराला औषधाचा परिणाम नको होता, म्हणून त्यानें संपर्क अखंड ठेवला. आपल्याला परिणाम हवा असतो, आणि तरी आपण संपर्क अखंड ठेवतों!

त्याच कारखान्यांतून दुसरी एक गोष्ट कळून आली, ती अधिक गंभीर आहे. वर्षानुवर्षें या द्रव्यांत काम केलेल्या कांहीं कामगारांना सुटीच्या अखेरीस छातींत कळा येत, आणि क्वचित् अकस्मात् मृत्यूही येई. त्यांतील कित्येकांच्या रोहिण्या तपासणींत अरुंद झालेल्या नव्हत्या. दीर्घकाळ सैल राहावयाची संवय लागलेल्या रक्तवाहिन्या आधार एकदम सुटतांच आकुंचन पावत. या गोष्टीचा उपयोग आपल्याला पुढें पडेल.

एवढें सारें माहीत असूनही पट्टी निघाली तेव्हां त्याचा जणूं विसर पडला, याचें आम्हांला नवल वाटतें. अमेरिकेंत १९८१ मध्यें या पट्ट्यांना मान्यता मिळाली, आणि दिवसरात्र रक्तांत औषधाची पातळी एकसारखी राहते हाच त्यांचा मोठा गुण म्हणून सांगण्यांत आला. पुढें कसून परीक्षा झाली. १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत पांचशेंहून अधिक रुग्णांना पट्ट्या अखंड लावून पाहिल्या. पहिली पट्टी लावल्यावर कांहीं तास चालण्याची शक्ति वाढली. चोवीस तास पुरे होईतों ती औषध नसलेल्या कोऱ्या पट्टीइतकीच उरली. आणि कांहीं आठवड्यांनीं तर पहिल्या तासांतला फायदाही गेला. मात्रा वाढवूनही उपयोग झाला नाहीं. उलट, ज्यांनीं रोज रात्रीं पट्टी काढून ठेवली त्यांच्या ठिकाणीं दिवसाचा गुण टिकून राहतो असें त्याच सुमारास इतर अभ्यासांत दिसून आलें.

तेव्हां आजचा सर्वसाधारण नियम असा कीं पट्टी १२ ते १४ तास ठेवावी, आणि उरलेले १० ते १२ तास अंग तिच्यापासून मोकळें असूं द्यावें. सकाळीं सातला लावली तर रात्रीं सात ते नऊच्या दरम्यान काढावी; देवापुढें दिवा लावतांना किंवा रात्रीचें जेवण आटोपतांच काढण्याचा परिपाठ ठेवला तर घड्याळाकडे पाहावयासही नको. ज्या थोड्या रुग्णांना दुखणें रात्रीं झोंपेंतच येतें त्यांच्या बाबतींत डॉक्टर हा क्रम उलटा करून पट्टी रात्रीं लावावयास व सकाळीं काढावयास सांगतात. क्रम कोणताही असो, मधला रिकामा वेळ चुकत नाहीं.

त्या रिकाम्या वेळीं दुखणें आलें तर? ही शंका रास्त आहे. म्हणूनच पट्टी बहुधा एकटी दिली जात नाहीं. नाडीचा वेग कमी करणारीं किंवा रोहिण्या सैल ठेवणारीं अन्य औषधें जोडीला असतात, व रात्रीचा पहारा तीं करतात. तीं चुकवून केवळ पट्टीवर भिस्त ठेवणें बरें नव्हे. मात्र पहाटेची वेळ नाजूक असते खरी. पट्टी उतरलेली असते, नवी लावलेली नसते, आणि लावल्यावरही गुण यावयास अर्धा ते एक तास लागतो. पुष्कळ निवृत्त गृहस्थ नेमके त्याच वेळीं टेंकडीवर फिरावयास निघतात. त्यांनीं पट्टी लावून, चहा घेऊन, वर्तमानपत्र वाचून मग निघावें. घरच्यांनीं पहाटे त्यांना पाण्याच्या बादल्या उचलूं देऊं नयेत, हें सांगावयास नकोच.

आतां पेटीवरील आंकड्यांविषयीं. आपल्याकडील पट्ट्यांवर बहुधा ५ किंवा १० असा आंकडा असतो. त्याचा अर्थ, ही पट्टी २४ तास ठेवली असतां तितके मिलिग्रॅम औषध अंगांत सोडील. हें वेगाचें माप आहे. मोटार ताशीं चाळीस मैल जाते असें म्हटलें म्हणजे ती तासभर चालविलीच पाहिजे असा अर्थ कोणी करीत नाहीं, तसेंच हें. ५ ची पट्टी १२ तास ठेवली तर सुमारें अडीच मिलिग्रॅम औषध मिळतें, आणि डॉक्टरांच्या हिशेबांत तें धरलेलें असतें. अमेरिकेंत हेंच माप तासाचें लिहितात: आपली ५ ती तेथली ०.२, आपली १० ती तेथली ०.४. मुलगा न्यू जर्सीहून येतांना पिशवीभर औषधें घेऊन येतो अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत. आजोबांची नेहमींची पट्टी १० ची. तिकडून आलेल्या पेटीवर ०.४, आंकडा इतका लहान कीं ‘ही फारच हलकी दिसते, दोन लावूं या’ असें कोणालाही वाटावें. वास्तविक दोन्ही अगदीं सारख्या, आणि दोन लावल्या तर मात्रा दुप्पट! परदेशीं घेतलेली पेटी आधीं डॉक्टरांपुढें ठेवावी व मगच फोडावी. डॉक्टर बहुधा ताशीं ०.२ ते ०.४ यांपासून आरंभ करतात, आणि वृद्धांच्या बाबतींत कमी आंकड्यापासून. पुढें वाढवावयाची झाल्यास रक्तदाब पाहून, आणि तेंही त्यांनींच.

दुप्पट मात्रा होण्याचा आणखी एक मार्ग आहे, व तो लक्षांत येणें कठीण असतें. या कुळांतील औषधें गोळ्यांच्या रूपानेंही मिळतात. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट हें त्यांतलें एक, पण दुकानांत तें निरनिराळ्या नांवांनीं येतें. एका डॉक्टरांनीं गोळी दिलेली असते, दुसऱ्यांनीं पट्टी. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, व रुग्ण दोन्ही निष्ठेनें घेतो. मग रात्रीं पट्टी काढूनही रिकामा वेळ राहत नाहीं, आणि दिवसा रक्तदाब प्रमाणाबाहेर उतरतो तो वेगळाच. दर भेटीला डॉक्टरांकडे साऱ्या औषधांची पिशवीच न्यावी. चिठ्ठी पुरत नाहीं.

पट्टी कोठें व कशी लावावी याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. जागा कोरडी, स्वच्छ व बिनकेसांची असावी. छाती, खांदा किंवा दंडाचा वरचा भाग उत्तम. कोंपराखालीं किंवा गुडघ्याखालीं लावूं नये. केस असल्यास कात्रीनें कापावे. वस्तऱ्यानें कातडी सोलवटते व औषध वाजवीपेक्षां जास्त शिरतें. व्रण, पुरळ किंवा शस्त्रक्रियेची खूण टाळावी आणि रोज जागा बदलावी. तेलकट अंगावर पट्टी धरत नाहीं, म्हणून दिवाळींतल्या अभ्यंगाच्या दिवशींही साबण लावून, अंग पुसून मगच ती लावावी; जानव्याचा दोरा कडेला घासून ती उचकटते हेंही ध्यानांत असावें. पट्टीवर किंवा तिच्या शेजारीं गरम पाण्याची पिशवी, विजेची शेकण्याची गादी किंवा शेगडीचा शेक मुळींच नको. उष्णतेनें तेथील रक्तप्रवाह वाढतो व चार तासांचें औषध थोडक्या वेळांत अंगांत उतरूं शकतें. थंडींत खांदे धरले म्हणून शेक घेणारीं वृद्ध माणसें घरोघर असतात, म्हणून हें मुद्दाम लिहिलें. पट्टी कापून अर्धी करणें हीदेखील एक घरगुती काटकसर आहे, पण ती येथें चालत नाहीं. कांहीं पट्ट्यांत औषध पिशवींत भरल्यासारखें असतें, व ती कापली कीं सारेंच बाहेर येतें.

विसर पडल्यास काय करावें? सकाळीं लावावयाची राहिली तर आठवेल तेव्हां लावावी आणि नेहमींच्याच वेळीं काढावी. मध्येंच गळून पडली तर दुसऱ्या जागीं नवी लावावी, तीही नेहमींच्या वेळीं काढावी. भरपाई म्हणून दोन लावूं नयेत. पुष्कळ पट्ट्या पारदर्शक असतात. अंधुक दृष्टीच्या माणसाला पाठीमागें खांद्यावर राहिलेली कालची पट्टी दिसत नाहीं, आणि तो आजची छातीवर लावून मोकळा होतो. दुपारीं जेवून उठतांना घेरी येऊन पडला म्हणजे मग सर्व अंग तपासलें जातें. त्यापेक्षां रोज नवी लावण्यापूर्वीं कोणीतरी दुसऱ्यानें पाठ पाहावी, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेंत तारखेच्या चौकटींत दोन खुणा कराव्या, एक लावल्याची व एक काढल्याची. एक खूण पुरेशी नाहीं.

आरंभीं डोकें दुखेल. तें औषध काम करीत असल्याचें चिन्ह आहे, व बहुतेकांचें कांहीं दिवसांत कमी होतें. तोंपर्यंत पॅरासिटेमॉलसारखी साधी गोळी डॉक्टरांना विचारून घेतां येते. पण डोकेदुखी चुकविण्यासाठीं मनाला येईल तेव्हां पट्टी काढणें-लावणें इष्ट नाहीं. चक्कर मात्र गंभीरपणें घ्यावी. अंथरुणावरून उठतांना आधीं क्षणभर बसावें. निर्जळी उपवास व पट्टी यांचें जमत नाहीं. अंगांतलें पाणी घटलें कीं रक्तदाब आणखी उतरतो. मद्यानेंही तेंच होतें. कोणी पट्टी लावलेली असतां मूर्च्छित झाल्यास पहिलें काम पट्टी काढण्याचें; मग उताणें निजवून पाय वर उचलावे आणि डॉक्टरांना बोलवावें.

छातींत कळ प्रत्यक्ष आली असतां पट्टीचा उपयोग नाहीं. ती अर्ध्या तासानें बोलणार. वेळ मिनिटांचा असतो. त्या वेळीं रुग्णाला बसवावें आणि डॉक्टरांनीं नेमून दिलेली जिभेखालची गोळी द्यावी. पांच मिनिटांत उतार न पडल्यास किंवा कळ वाढत गेल्यास महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. कोणत्या गाडींतून न्यावें याची चर्चा करीत बसूं नये. सॉर्बिट्रेटची गोळी शेजारधर्म म्हणून कोणाच्याही छातींतल्या दुखण्यावर देण्याची एक चाल आपल्याकडे रूढ झाली आहे. ज्याचा रक्तदाब आधींच खालावलेला आहे त्याला अशी गोळी घातक ठरूं शकते. औषध ज्याच्या नांवानें लिहिलें त्यालाच तें द्यावें.

आतां जो विषय घ्यावयाचा तो कौटुंबिक मासिकांत यावा कीं नाहीं, याचा आम्हीं विचार केला. न लिहिल्यानें एखादा गृहस्थ प्राणास मुकण्याचा संभव आहे, म्हणून लिहितों. पुरुषत्वाच्या तक्रारीवर सिल्डेनाफिल नांवाचें औषध १९९८ पासून प्रचारांत आहे. गंमत अशी कीं तें प्रथम हृच्छूलावरच उपाय म्हणून इंग्लंडमध्यें तपासलें जात होतें. नायट्रोग्लिसरिनापासून अंगांत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु तयार होतो आणि तो रक्तवाहिन्या सैल करतो. या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद या तिघां शास्त्रज्ञांना त्याच १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सिल्डेनाफिल त्याच साखळींतल्या पुढच्या द्रव्याचा नाश होऊं देत नाहीं. एकीकडून नळ सोडावा आणि दुसरीकडून मोरीचें भोंक बुजवावें, तसा प्रकार होतो. दोन्ही औषधें एकत्र आलीं म्हणजे रक्तदाब इतका कोसळतो कीं माणूस दगावतो. तसे मृत्यू झाले आहेत.

सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत, आणि टॅडालाफिल या त्याच जातीच्या लांब टिकणाऱ्या औषधानंतर ४८ तासांत, या कुळांतलें कोणतेंही हृदयाचें औषध द्यावयाचें नसतें. जो रोज पट्टी लावतो त्यानें तर हीं औषधें घ्यावयाचींच नाहींत. रात्रीं पट्टी काढलेली असते तेव्हां चालेल, हा तर्क खोटा आहे. शिवाय हीं केवळ त्या एकाच तक्रारीचीं औषधें राहिलेलीं नाहींत. लघवीच्या त्रासासाठीं, म्हणजे वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीवर, टॅडालाफिलची छोटी गोळी रोज देतात. फुप्फुसांतील रक्तदाबाच्या विकारावर स्त्रियांनाही हीं औषधें मिळतात. हृदयाचे डॉक्टर निराळे, लघवीचे निराळे. एकाची चिठ्ठी दुसऱ्यास दिसत नाहीं. आणि जाहिरातींतून विकल्या जाणाऱ्या ‘वनस्पतिजन्य’ शक्तिवर्धक गोळ्यांत हेंच द्रव्य गुपचूप मिसळलेलें सरकारी तपासण्यांत पुष्कळदां सांपडलें आहे.

अडचण ज्ञानाची नसते, लाजेची असते. पासष्टीचा प्रतिष्ठित गृहस्थ ही गोष्ट मुलाला सांगत नाहीं, सुनेला तर नाहींच नाहीं. तीस वर्षांच्या ओळखीच्या डॉक्टरांनाही सांगत नाहीं, आणि गोळी घेतो ती आपल्याला कोणी ओळखत नाहीं अशा लांबच्या दुकानांतून. मग एखाद्या रात्रीं छातींत दुखूं लागतें. सारें घर भोंवतीं जमतें. इस्पितळांतले डॉक्टर विचारतात, असें कांहीं औषध घेतलें आहे काय? अशा मंडळींच्या घोळक्यांत त्यानें खरें उत्तर द्यावें अशी अपेक्षा करणें म्हणजे माणसाचा स्वभाव न ओळखणें होय. म्हणून आमची विनंती घरच्यांना आहे: डॉक्टर औषधांची चौकशी करूं लागले कीं मुलांनीं, सुनांनीं, व्याह्यांनीं दोन मिनिटें खोलीबाहेर जावें. पत्नीनें आंत थांबावें कीं नाहीं हें रुग्णास विचारावें. आणि डॉक्टरांनीं पट्टी लिहून देतांनाच हा प्रश्न, कोणताही सूर न लावतां, सर्वांनाच विचारावा. वय पाहून तो गाळूं नये.

कारखान्यांतली दुसरी गोष्ट येथें उपयोगी पडते. रोजचा रात्रीचा खंड निराळा आणि औषध एकाएकीं कायमचें बंद करणें निराळें. पुष्कळ महिने पट्टी लावणाऱ्यानें ‘आतां बरें वाटतें’ म्हणून ती अचानक सोडली तर दुखणें उसळून येऊं शकतें. बंद करावयाची झाल्यास डॉक्टर ती कांहीं आठवड्यांत पायरीपायरीनें उतरवितात. तसेंच, पट्टीनें दुखणें कमी येतें व चालणें सुखाचें होतें, पण अरुंद झालेली रोहिणी तिनें रुंद होत नाहीं व आयुर्मर्यादा वाढल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. तंबाखू सोडणें, मधुमेह आटोक्यांत ठेवणें, रक्तांतील चरबी उतरविणाऱ्या गोळ्या नियमानें घेणें हीं कामें पट्टी करीत नसते.

एम. आर. आय. यंत्रांत जाण्यापूर्वीं पट्टी काढावी. कांहीं पट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो व तो तापून कातडी भाजते. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २००९ मध्यें याबद्दल इशारा दिला होता. हृदयाला विजेचा धक्का देण्याची वेळ आली तरी छातीवरची पट्टी आधीं काढतात, म्हणून इस्पितळांत पोंचतांच ती कोठें लावली आहे हें सांगून टाकावें.

शेवटीं, काढलेल्या पट्टीचें काय करावयाचें? ती वापरून संपली असें समजूं नये. एका प्रसिद्ध जातीच्या ५ च्या पट्टींत मूळ २५ मिलिग्रॅम औषध भरलेलें असतें. बारा तासांत त्यांतलें अडीच गेलें, बाकीचें आंतच आहे. रांगत्या नातवानें पलंगाखालची अशी पट्टी उचलून तोंडांत घातली किंवा पोटावर चिकटविली, तर त्या इवल्या जीवाला ती भारी पडेल. काढतांच चिकट बाजू आंत येईल अशी ती दुमडावी, घट्ट झांकणाच्या डब्यांत टाकावी, आणि हात साबणानें धुवावे. लावतांनाही आणि काढतांनाही.